शेट्यांची जागा

पुण्यात नवी पेठ वसवायची तर आधी नाव लागे, आणि नावांचीच टंचाई होती. सोमवारपासून रविवारपर्यंतचे सगळे वार कधीच वापरून झाले होते. पुढे सरदारांची नावं सुरू झाली. पण त्यांच्यात थोरला कोण आणि धाकटा कोण हा वाद मिटेना. म्हणून सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत ओढ्यापलीकडच्या माळावर जी पेठ वसवायचं ठरलं, तिला सरकारी कागदांत नुसतंच ‘पेठ’ म्हटलं गेलं आणि तिचा कौल, म्हणजे ती वसवायचा सरकारी परवाना, कसब्यातल्या दिगंबर वाण्याला मिळाला.

कौल मिळाला म्हणजे दिगंबर त्या पेठेचा शेटे झाला. व्यापारी आणि कारागीर आणून वसवायची मेहनत त्याची. वसल्यावर बाजाराचा पहिला मानही त्याचा. अटी दोन होत्या. दसऱ्याच्या आत, आखलेल्या ओळींत एकही जागा रिकामी राहता कामा नये. आणि खुद्द शेट्यांची चूल पेठेच्या हद्दीत पेटलेली पाहिजे. ही दुसरी अट अनुभवातून आली होती. काही शेटे कसब्यात लोडाला टेकून माळावरच्या पेठा वसवत, आणि त्या पेठांत शेवटी शेळ्या वसत. दोहोंपैकी एक अट जरी चुकली, तरी कौल अनंतशेटकडे जायचा होता. अनंतशेट शेजारच्या पेठेचे शेटे. पाडव्यापासून ते रोज संध्याकाळी माळावर सहज फिरायला येत आणि सहजच काठीने जमीन मोजत.

दिगंबरला मागे फिरायला वाट नव्हती. कसब्यातलं किराण्याचं दुकान त्याने धाकट्या भावाच्या हवाली केलं होतं, आणि भावाने पहिल्याच आठवड्यात दुकानावरची पाटी बदलून आपली तत्परता दाखवली होती.

सुरुवातीला दिगंबरने सगळे शेटे करतात तेच केलं. चौकातली मोक्याची, उन्हाची, उंचवट्यावरची जागा स्वतःसाठी आखली. तिथे मांडव घातला, गादी अंथरली, लोड लावला आणि सगळ्या पेठांतल्या व्यापाऱ्यांना जेवायला बोलावलं. सगळे आले. जिलबी उत्तम झाल्याचं सगळ्यांनी सांगितलं. माळावर राहायला येण्याबद्दल मात्र ‘विचार करून कळवतो’ असं म्हणून सगळे घरी गेले. पुण्यात याला उत्तर म्हणतात. फक्त ते ऐकणाऱ्याला उशिरा कळतं.

आषाढ संपला तरी माळावर एकच चूल होती, मथुराबाईंची. मथुराबाई म्हणजे दिगंबरची बायको. पेठेत सध्या वस्ती किती, असं कुणी विचारलं की ती म्हणे, “आम्ही दोघं आणि एक मुंगूस. मुंगूस कायमचं आहे.”

शेवटी दिगंबर शमशुद्दीनकडे गेला. शमशुद्दीन कसब्यातला कागद बनवणारा, दिगंबरचा बालमित्र. जेवणावळीला तोही आला होता आणि विचार करून कळवणाऱ्यांत तोही होता. दिगंबरने त्याला सरळच विचारलं, की माझं चुकलं कुठे. शमशुद्दीन ओले कागद भिंतीवर थापत होता. त्याने हातातला कागद थापून पुरा केला, मग म्हणाला, “दिगंबरशेट, तुम्ही आम्हाला बोलावलंत तेव्हा तुम्ही आधीच बसलेले होतात. सगळ्यात चांगल्या जागी. आता उरलेल्यातलं काय द्यायचं ते तुम्ही ठरवणार. असं आमचं इथेही चाललंच आहे की. त्यासाठी ओढा कशाला ओलांडायचा?”

कुठली जागा दिली तर येशील, असं दिगंबरने विचारलं. शमशुद्दीनला हसू आलं. कागद वाळवायला दिवसभर ऊन लागतं, आणि तसं ऊन माळावर एकाच जागी होतं. दिगंबरच्या.

“घे,” दिगंबर म्हणाला.

शेट्याने चौकातली जागा सोडल्याचं पुण्यात कुणी कधी ऐकलं नव्हतं. शमशुद्दीनने त्याला दोनदा परत विचारलं, एकदा देवाची शपथ घालून. मग त्याची बायको मेहरुन आतून म्हणाली, की माणूस देतोय तोवर बिऱ्हाड उचला, उद्या त्याची बायको त्याला समजावील.

मथुराबाईने समजावलं नाही. तिने चूल फोडली, मातीचं ढेकूळ पदरात घेतलं आणि विचारलं, “आता कुठे?”

आता कुठे, हा प्रश्नच होता. माळावर आणखी एकच माणूस यायला तयार होता, गेनबा तांबट. त्याला जुन्या पेठेतल्या शेजाऱ्यांनी एकमताने हाकललं होतं. पहाटेपासून हंडे-घागरींवर त्याचा हातोडा पडे, आणि पुण्यात एकमत व्हायला तेवढं कारण पुरतं. गेनबाशेजारी कुणीही राहायला तयार होणार नाही हे दिगंबरला दिसत होतं. तेव्हा त्याने तीच जागा स्वतः घेतली. नुसती घेतली नाही, तर गेनबाच्या भट्टीला लागणारी माती त्याने ओढ्यातून डोक्यावरून वाहून आणली. शेटे पाटी वाहतोय हे पाहून गेनबाला इतकं अवघडल्यासारखं झालं, की दुपारी दिगंबर जेवून आडवा झाला तेव्हा त्याने हातोडा खाली ठेवला आणि दिगंबर उठेपर्यंत उचलला नाही. पुढे मग दुपारची ती शांतता पेठेचा रिवाजच झाली.

ही बातमी कसब्यात पोचली. शेट्याने चौकातली जागा एका कागदवाल्याला दिली आणि स्वतः तांबटाच्या शेजारी जाऊन राहिला. यावर कसब्यात पुष्कळ विचार झाला. दिगंबर भला माणूस आहे, ही शक्यता सोडून बाकी सर्व शक्यतांचा विचार झाला. कुणी म्हणालं, तांबटाशेजारी पुरलेला हंडा सापडलाय. कुणी म्हणालं, हत्तीखाना तिकडे हलणार आहे आणि रस्ता त्याच जागेवरून जाणार. एवढं मात्र सगळ्यांना पटलं, की शेटे स्वतः जी जागा घेतो ती वाईट असूच शकत नाही.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास मोरशेट कापडवाले गाडीभर लुगडी घेऊन आले. त्यांना गेनबाच्या शेजारची जागा हवी होती. दिगंबरने त्यांना परोपरीने सांगितलं, की अहो, इथे पहाटेपासून ठोकाठोक असते, गिऱ्हाइकाला भाव ऐकू येणार नाही; पलीकडे आंब्याखाली छान सावलीची जागा आहे. मोरशेट मान डोलवत ऐकत राहिले आणि जसजसा दिगंबर दोष सांगू लागला तसतशी त्यांची खात्री पटत गेली. खरं बोलणं हा पुण्यात फार जुना डाव समजला जातो.

“आम्हाला आंब्याखाली बसवा आणि आपण इथे बसा,” मोरशेट म्हणाले. “आम्ही काय जिलबी खाऊन आलो आहोत का?”

ते जिलबी खाऊनच गेले होते, पण दिगंबरने तसं म्हटलं नाही. त्याने जागा दिली. मथुराबाईने चूल फोडली.

त्या संध्याकाळी दिगंबरने चौकात उभं राहून सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, की शेट्याकडे जागा असेतो मागायला आलेला कुठलाही व्यापारी पेठेतून परत जाणार नाही. हजर असलेल्यांत शमशुद्दीन, गेनबा, मोरशेट आणि नेहमीप्रमाणे फिरायला आलेले अनंतशेट होते. अनंतशेटनी या उदारपणाचं फार कौतुक केलं आणि शब्द पुन्हा एकदा नीट म्हणवून घेतले.

यानंतर पेठ ज्या रीतीने वसली ती कुठल्याही शास्त्रात नाही. दिगंबर वाईटातली वाईट जागा शोधून तिथे राहायला जाई. राहायचं म्हणजे जागा राहण्याजोगी करणं आलं. ते तो करी. मग ती जागा कुणीतरी मागायला येई.

तांबटाशेजारून तो उंटांच्या तळाजवळ गेला. तिथल्या वासाने मुंगूसदेखील येत नसे. दिगंबरने सांडणीस्वारांच्या जमादाराशी ओळख काढली, त्याच्या आजारी उंटाला रोज गूळ-हळद नेऊन दिली, आणि उंट बरा झाल्यावर जमादाराने आपण होऊन तळ ओढ्याच्या वळणापलीकडे नेला. वास निम्म्याने कमी झाला. उरलेल्या निम्म्यात राहायला चांद अत्तरवाला आला. गुलाब आणि खस घेऊन उंटांजवळ बसायचा हट्ट त्याने का धरला हे त्यालाही धड सांगता येईना. शेटे बसले होते एवढंच तो म्हणे. दिगंबरने त्याच्यासाठी जागेभोवती निरगुडीचं कुंपण लावून दिलं आणि तिथून निघाला.

मग ओढ्याकाठची सखल जागा. भाद्रपदात तिथे पाणी शिरलं आणि मथुराबाईची चूल आपण होऊनच फुटली. नवराबायकोंनी ओढ्यातले धोंडे वाहून कमरेएवढं जोतं बांधलं. शमशुद्दीन, गेनबा आणि गेनबाची दोन भावंडं हाताखाली आली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मोरशेटही आले, पण त्यांनी धोंडे कसे उचलावेत हे सांगण्याचं काम घेतलं. जोतं झालं आणि मीठवाला भैरू दारात उभा. मिठाची गोणी घेऊन पाण्याकाठी येणारा इसम दिगंबरने पहिल्यांदाच पाहिला होता.

“पानी शिरतंय म्हनं हितं,” भैरू म्हणाला.

दिगंबरने कबूल केलं.

“मंग हीच जागा द्या. जिथं पानी शिरतंय तिथं शेट कशाला ऱ्हाईल, काय तरी असंल म्हनूनच ऱ्हायलाय.”

असं करता करता ओळी भरत आल्या. आंब्याच्या सावलीतल्या चांगल्या जागा शेवटी भरल्या, कारण त्यांच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. लोकांना मात्र हळूहळू एक गोष्ट ध्यानात यायला लागली. ज्या जागा त्यांनी हट्टाने घेतल्या होत्या त्या खरोखरच बऱ्या होत्या. आणि त्या बऱ्या होण्याचं कारण पुरलेला हंडा नव्हता. हे कुणी बोलून दाखवलं नाही. एवढंच झालं, की दिगंबर चौकातून जाताना मोरशेट गादीवरून उठून उभे राहू लागले आणि कुणी पाहिलं तर पाठ धरल्याचं सांगू लागले.

नवरात्र बसलं तेव्हा एकच जागा उरली होती. आंब्यापलीकडची, ओळीच्या अगदी टोकाची, धड वाईट नाही, धड चांगली नाही. तिथे दिगंबर राहत होता. बाकी पेठ भरली होती. आता फक्त तिथे बसून राहायचं आणि दसऱ्याची वाट पाहायची.

सप्तमीला एक तरुण गुळाच्या ढेपा घेऊन आला आणि अत्यंत नम्रपणे त्याने ती जागा मागितली. नाव श्यामराव. अनंतशेटचा भाचा.

दिगंबरने त्याला ओळखलं. भाच्यानेही आपण कोण हे लपवलं नाही. लपवायला मामांनी सांगितलं नव्हतं. मामांचा हिशेब सरळ होता. दिगंबरने नाही म्हटलं तर चौकात दिलेला शब्द मोडला, आणि शब्द मोडल्याची बातमी ठोकाठोकीतूनही कसब्यात ऐकू जाते; मग व्यापारी टिकत नाहीत. हो म्हटलं तर पेठ भरली, पण शेट्यांची चूल पेठेत उरली नाही. दोन्हीकडून कौल अनंतशेटचा.

दिगंबर आत गेला. मथुराबाई नुकतीच वाळलेली चूल पोतेऱ्याने सारवत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“एकदा नाही म्हणून बघा,” ती म्हणाली. “जमेल. मी तुम्हाला रोज म्हणते.”

“ज्याला ज्याला जागा दिली तो तो संशय घेऊनच आला होता,” दिगंबर म्हणाला. “यात काहीतरी डाव आहे म्हणून. आज मी नाही म्हटलं तर डाव होता हे ठरेल. मग ही जागा राहील माझ्याकडे, पण पेठ राहणार नाही. उद्या जो तो आपापल्या दुकानाच्या बांबूच्या तट्ट्या उचलून परत जाईल.”

“आणि हो म्हटलं तर?”

“तर पेठ राहील. आपलं काय ते नवमीच्या पाहणीपर्यंत बघू. मी पेठ सोडणार नाही, मथुरे. जागा सोडीन.”

मथुराबाईने सारवण्याचं पोतेरं खाली ठेवलं.  मग तिने मुसळ उचललं आणि चूल फोडली. फोडताना हात नेहमीपेक्षा जरा जोरात चालला.

श्यामराव जागेवर बसला तो उपाशीच. मामांनी गूळ दिला होता, स्वयंपाकाचं काही दिलं नव्हतं, कारण त्यांच्या मते काम दोन दिवसांचं होतं. मथुराबाईने आंब्याच्या बुंध्याशी तीन दगड मांडून भात टाकला आणि त्यालाही पान वाढलं. तो संकोचाने म्हणाला, की मी इथे कशासाठी आलोय हे आपल्याला ठाऊक आहे ना. ती म्हणाली, की ठाऊक आहे, आमटी घ्या. नंतर दिगंबरने त्याच्या ढेपांना मुंग्या लागू नयेत म्हणून भोवती राखेची रेघ ओढून दिली. किराण्यातला माणूस होता. गूळ उघडा पडलेला त्याला बघवत नसे, मग तो कुणाचा का असेना. श्यामराव त्या राखेच्या रेघेकडे बराच वेळ बघत बसला. अष्टमीलाही तो मथुराबाईकडेच जेवला आणि जेवल्यावर स्वतःहून ओढ्यावर जाऊन भांडी घासून आणली.

नवमीला पाहणी ठरली होती. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. गेनबाचे हातोडे फुलं वाहून पाटावर ठेवलेले होते आणि पेठ कधी नव्हे इतकी शांत होती. सरकारी कारकून आला. वयस्क, काटेकोर, ज्याला उन्हात उभं राहायचा कंटाळा आहे असा माणूस. त्याच्यामागून अनंतशेट आले, नवं उपरणं पांघरून. कारकून ओळीओळीने फिरला. जागा भरलेल्या होत्या. त्याने तसं म्हटलं आणि मग विचारलं, “शेट्यांची चूल कुठली?”

दिगंबरने आंब्याच्या बुंध्याशी मांडलेले तीन दगड दाखवले. आंबा सरकारी होता. सरकारी झाडाच्या बुंध्याशी पेटलेली चूल हद्दीत धरता येत नाही, असं कारकून म्हणाला. चूल आखलेल्या जागेवर हवी. यात त्याचा काही राग नव्हता. तो नियम वाचून दाखवत होता. अनंतशेटनी हळहळ व्यक्त केली. इतका उदार माणूस, पण स्वतःसाठी काही ठेवलं नाही, म्हणाले.

सगळे व्यापारी जमले होते.  कारकुनाने, दुपारी जेवून येतो, तोवर काही दाखवायचं असेल तर दाखवा, अशी सवलत दिली. पण तो हलण्याआधीच शमशुद्दीन पुढे आला आणि म्हणाला, की माझी चौकातली जागा शेट्यांचीच होती, त्यांनी ती परत घ्यावी. दिगंबरने मान हलवली. तू मग कुठे जाशील, त्याने विचारलं. माळावर आता दुसरी जागा नाही. आणि दिलेली जागा परत घ्यायची असती तर दिलीच कशाला असती.

मग भैरू मीठवाला बोलला. तो ओळीच्या ओढ्याकडच्या टोकाला होता. “जागा द्यायची न्हाई ना? मंग सरका की जरा.”

कुणाला कळलं नाही. भैरू आपल्या खोपटाकडे गेला आणि त्याने बांबूची तट्टी उपटून हातभर आत रोवली. मग त्याने शेजारच्या चांदकडे बघितलं. चांदने आपली तट्टी उचलली, भैरूने सोडलेल्या जागेत सरकवली, आणि दुसऱ्या बाजूची तट्टी आणखी हातभर आत घेतली. आता सगळ्यांना कळलं. ओळीतल्या प्रत्येकाने हात-हात आवळून घ्यायचं आणि सगळी दुकानं भैरूच्या टोकाकडे ढकलायची, की आंब्यापलीकडच्या टोकाला एका चुलीपुरती आखीव जागा निघते. गेनबाने हातोड्यांना नमस्कार करून पाट उचलला आणि भट्टीलगतची तट्टी उपटली. मोरशेट म्हणाले, की लुगडी चुरगळतील; आणि हे म्हणताना त्यांनी लुगडी उचलायला सुरुवात केलेली होती.

तट्ट्या सरकत सरकत टोकापर्यंत आल्या. टोकाला श्यामराव होता. तो सरकला नाही तर जमा झालेली सगळी जागा त्याच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये अडकायची, आणि त्या चिंचोळ्या फटीला कारकून जागा म्हणायला तयार नव्हता. शेट्यांच्या जागेला रस्ता लागतो, आणि रस्ता टोकालाच होता.

अनंतशेट श्यामरावच्या तट्टीला पाठ टेकवून उभे राहिले. भाच्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात गुळाच्या ढेपा, पुढच्या वर्षीचं लग्न, घरातली वाटणी, सगळं होतं. श्यामराव खाली मान घालून उभा राहिला.  मथुराबाई तीन दगडांपाशी उभी होती आणि तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. जेवू घातल्याची आठवण करून देणं तिला आवडलं नसतं.

“मामा,” श्यामराव म्हणाला, “जरा बाजूला व्हा. तट्टी उचलायची आहे.”

मामा बाजूला झाले नाहीत. तेव्हा श्यामरावने तट्टीचा खुंट उपटला, आणि पाठीमागचा आधार गेल्यावर मामांना आपोआपच बाजूला व्हावं लागलं.

जागा निघाली. दोन माणसं झोपली तर एकाच कुशीवर झोपावी लागतील एवढी. मथुराबाईने तिन्ही दगड उचलून आणले. लाकडं ओली होती. मेहरुनने टाकाऊ कागदाचे बोळे पेटवायला दिले. धूर इतका झाला की कारकुनाने डोळे पुसत पुसत चूल पेटल्याची नोंद केली आणि तिथून निघून जाण्यातली घाई लपवली नाही.

लगेच वाद सुरू झाला. मोरशेटच्या मते त्यांनी सगळ्यांत जास्त जागा सोडली होती. चांदचं म्हणणं होतं, की मोरशेटचा हात आखूड आहे. गेनबाने भट्टी हलवली होती, आणि तट्टी हलवणं व भट्टी हलवणं यांतला फरक तो सगळ्यांना एकेकटं गाठून सांगत होता. पेठ वसली याचा याहून भक्कम पुरावा नव्हता.

अनंतशेट जायला निघाले. दिगंबरने त्यांना अडवलं, पाट मांडला आणि जेवून जाण्याचा आग्रह केला. ते नाही म्हणाले. मथुराबाईने भात वाढून झालेला होता, तेव्हा बसावं लागलं. बसायला जागा नव्हती. एक गुडघा त्यांना भाच्याच्या दुकानात ठेवावा लागला. दिगंबर वाढत होता. कौल पक्का झाल्यावरचा शेटे म्हणून त्याचा हा पहिला दिवस आणि अजून त्याचं स्वतःचं जेवण व्हायचं होतं.

“अनंतशेट,” आमटीची पळी पुढे करत तो म्हणाला, “आपल्याला आणखी भाचे आहेत का? मागची ओळ उद्यापासून आखायला घेतोय.”